जाळव्या, गुळव्या आणि पॅनेल

आपल्याकडे कामगारांचा इतिहास लिहिताना साधारणपणे तीन गोष्टी मोजल्या जातात : मजुरी किती मिळाली, तास किती भरावे लागले आणि संप किती झाले. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत याबद्दल वाद नाही. परंतु दलित कामगाराच्या बाबतीत चौथी एक गोष्ट मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. यंत्र केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबवायचे आणि ते का थांबवायचे, हे जिथे ठरते त्या जागी त्याला कधी उभे राहू दिले काय? प्रस्तुत लेखात मला या चौथ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. तो मी ग्रंथांच्या आधारे जसा करणार आहे, तसाच एका पॅनेलच्या आधारेही करणार आहे. मी मूळचा बीड तालुक्यातील पालीचा. एका औद्योगिक वसाहतीतील पावडर कोटिंगच्या कारखान्यात गॅसवर चालणाऱ्या इन्फ्रारेड ओव्हनचे पॅनेल मी काही वर्षे चालविले. त्यामुळे ज्या जागेविषयी मी लिहितो आहे ती जागा मला परकी नाही.

आधी गावाकडची गोष्ट सांगतो. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बालाघाटाच्या डोंगरांच्या कुशीत पाली लागते. बिंदुसरेचे धरण याच शिवारात आहे. आमच्या भागात ऊस झाला की गुऱ्हाळ लागे. गुऱ्हाळावर दोन माणसांची कामे मला नेहमी विचार करायला लावतात. एक जाळव्या आणि दुसरा गुळव्या. जाळव्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडे आत सारतो. अंगाची कातडी भाजेपर्यंत त्याचे काम चालते. गुळव्या वर काहिलीजवळ उभा असतो. भेंडीचे पाणी केव्हा घालायचे, मळी केव्हा काढायची, उकळीचा रंग केव्हा बदलला, हे तो पाहतो. हात गार पाण्यात बुडवून तो पाकाचा थेंब उचलतो, पाण्यात त्याची गोळी वळते की नाही हे बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. तापमापक लावून पाहिले तर ही वेळ साधारण ११५ ते ११८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. गुळव्याच्या बोटांना ती तापमापकाशिवाय कळते.

उष्णता जाळव्या निर्माण करतो, आणि ती किती पुरे हे गुळव्या ठरवितो. जाळव्याचे काम कष्टाचे आहे, गुळव्याचे काम निर्णयाचे आहे. मजुरीतला फरक त्यानंतर येतो. आमच्या वस्तीतली माणसे चिपाडे वाहायला आणि चुलवाण पेटते ठेवायला चालत. काहिलीजवळ त्यांना येऊ देत नसत, कारण रसाला त्यांचा हात लागलेला चालत नसे. असे मी आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. चिपाडांना विटाळ नव्हता, जाळाला विटाळ नव्हता. विटाळ नेमका तिथे सुरू होत होता, जिथे कौशल्य सुरू होत होते. निजामाच्या राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, या भागात वेठीची कामे गावगाड्याने अस्पृश्यांवर लादली होती. त्या कामांची यादी काढून पाहिली तर लाकूडफाटा वाहणे, सांगावा पोचविणे, मेलेले जनावर ओढणे अशी अंगमेहनतीची कामे सापडतात. काही ठरविण्याचे काम त्या यादीत एकही सापडत नाही.

गाव सोडून माणूस शहरात गेला, कारखान्यात गेला, की ही विभागणी मोडेल अशी अपेक्षा पुष्कळांनी बाळगली होती. यंत्राला जात नसते, असे एक वाक्य आजही व्यासपीठांवरून ऐकू येते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या वाक्याला साक्ष देत नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून हजारो अस्पृश्य कामगार गिरण्यांत शिरले. परंतु त्यांना प्रवेश मिळाला तो मुख्यतः रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या बाजूला. साचा खाते, म्हणजे विणकामाचे खाते, त्यांना बंद होते. साचा खात्यातली मजुरी जास्त होती, आणि साचेवाल्याला कारागीर म्हणून मान होता. बंदीचे कारण असे सांगितले जाई की धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार?

या कारणाचा जरा शांतपणे विचार करावा. धोटा तोंडाने ओढणे ही सवय मुळातच आरोग्याला घातक होती. एकाच धोट्याला अनेक तोंडे लागत असल्याने रोग पसरण्याचा धोका होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायदा करून तोंडाने ओढाव्या लागणाऱ्या धोट्यांवर बंदी घातली. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे तिकडे उपलब्ध होते. म्हणजे प्रश्न यंत्राचा होता आणि त्याचे उत्तरही यंत्रात होते. आमच्याकडे धोटा बदलण्याऐवजी माणूस वगळला गेला. धोट्याच्या सदोष रचनेची किंमत जातीच्या खात्यावर मांडण्यात आली, आणि गिरणीमालकाला त्यासाठी एक पैही खर्च करावी लागली नाही.

१९२८ सालच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. विणकाम खात्यातली बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांनी आधी साच्यावरची एकजूट दाखवावी, असा त्या आग्रहाचा अर्थ होता. ती मागणी नाखुशीने स्वीकारली गेली. बंदी मालकांनी घातलेली नव्हती. शेजारच्या कामगाराने घातलेली होती, आणि मालकांना ती सोयीची होती. १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या ग्रंथात बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्यांची वाटणी यांतला जो भेद दाखविला, त्यामागे ग्रंथांचा अभ्यास होता, तसा साचा खात्याच्या बंद दाराचा अनुभवही होता असे मला वाटते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे बाबासाहेबांचे प्रतिपादन याच परिषदेतले. आपण ते वारंवार उद्धृत करतो. परंतु त्याच भाषणातला दुसरा भाग आपण फारसा लक्षात घेत नाही. रेल्वेत अस्पृश्य कामगार कोणत्या पायरीवर अडवून ठेवला आहे, याची त्यांनी तेथे तपशीलवार मांडणी केली होती. तो गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. हमालाची जागाही त्याला मिळत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. कारखान्यात मिस्त्री आणि त्यावरच्या जागा त्याच्यासाठी नाहीत. बाबासाहेब इथे नुसती नोकऱ्यांची मागणी करीत नव्हते. कामाच्या शिडीवरचा नेमका कोणता पाय कापला आहे, हे ते बोट ठेवून दाखवीत होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात शिक्षणाबाबतची भूमिका विशेष पाहण्यासारखी आहे. केवळ कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण आपल्या समाजाला पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणाची सोय हवी, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना उमेदवारीची संधी हवी, अशी ती भूमिका होती. युद्धासाठी १९४० साली सुरू झालेली तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. कामगार विनिमय केंद्रांची उभारणी याच काळातली. वीजनिर्मितीचे धोरण ठरविणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्याला गावगाड्याने सरपण वाहायला ठेवले, त्या समाजात जन्मलेल्या माणसाने देशाच्या विजेचा आराखडा हाती घेतला, ही घटना आपल्या इतिहासात जेवढी ठळक लिहिली जायला हवी होती तेवढी लिहिली गेलेली नाही.

पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मराठवाड्यात चिकलठाणा, वाळूज या वसाहती वाढल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनविणारे, त्यांना रंग देणारे लहान कारखाने उभे राहिले. पालीसारख्या गावांतून जी मुले ऊसतोडीच्या कोयत्यातून सुटू पाहत होती, त्यांनी वाळूजची किंवा चाकणची वाट धरली. मीही तशीच एक वाट धरली आणि पॅनेलपुढे येऊन उभा राहिलो.

आता या पॅनेलची ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण त्याची रीत कळल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांना न दिसणारे, पण उष्णता देणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली दाखविले. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात त्याने तापमापक ठेवला. तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. तेच अवरक्त किंवा इन्फ्रारेड किरण. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींचा रंग वाळविण्यासाठी या किरणांचे दिवे वापरात आले. गॅसच्या ओव्हनमध्ये दिव्यांच्या जागी बर्नर असतात. बारीक छिद्रांच्या चिनीमातीच्या फरशीतून गॅस आणि हवा यांचे मिश्रण बाहेर येते, फरशीच्या पृष्ठभागावरच जळते आणि फरशी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापून लालबुंद होते. साध्या भट्टीत आधी हवा तापते आणि मग हवेमुळे माल तापतो. इथे किरण सरळ मालावर पडतात. पावडर मारलेला पत्रा किंवा ब्रॅकेट कन्व्हेयरवर लटकत आत जातो, पावडर वितळते, पसरते आणि पक्की होते. साध्या ओव्हनमध्ये याला १८० ते २०० अंशांना दहा ते वीस मिनिटे लागतात. इन्फ्रारेडमध्ये वेळ पुष्कळच वाचतो.

पॅनेल सुरू करण्याचा क्रम ठरलेला असतो. मुख्य स्विच लावला की कंट्रोलचा दिवा लागतो. मग एक्झॉस्टचा पंखा आणि ज्वलनाच्या हवेचा ब्लोअर सुरू करायचा. पंखा नुसता सुरू झाला एवढ्याने यंत्राचे समाधान होत नाही. हवा खरोखर वाहते आहे असे हवेच्या दाबाच्या स्विचने सांगावे लागते. त्यानंतर पर्ज सुरू होतो. पर्ज म्हणजे ओव्हनमध्ये आधीचा गळालेला गॅस साठला असेल तर तो बाहेर काढणे. ओव्हनच्या पोटात जेवढी हवा मावते, तिच्या किमान चौपट हवा आतून फिरेपर्यंत टायमर पुढे जाऊ देत नाही. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. पर्जची ती काही मिनिटे बाहेरून पाहणाऱ्याला फुकट गेल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात पुढच्या साऱ्या पाळीची सुरक्षितता त्या मिनिटांवर उभी असते.

पर्ज संपला की ठिणगी पडते आणि पायलटचा गॅस उघडतो. ज्योत लागली की नाही हे सेन्सर पाहतो. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर झडपा आपोआप बंद होतात, लाल दिवा लागतो आणि पॅनेल लॉक होते. ते आपणहून पुन्हा सुरू होत नाही. माणसाने यावे, कारण शोधावे, हाताने रीसेट दाबावे आणि पर्ज पहिल्यापासून करावा, अशी त्याची रचना असते. ज्योत पक्की झाली की मुख्य गॅस उघडतो आणि एकेक विभागाचे बर्नर लागतात. कन्व्हेयर थांबला तर बर्नर बंद झाले पाहिजेत, कारण लाल फरशीसमोर उभा राहिलेला माल थोड्याच वेळात करपतो आणि पेटूही शकतो. बंद करतानाही क्रम असतो. आधी गॅस तोडायचा, आणि ओव्हन निवेपर्यंत पंखा चालू ठेवायचा.

यात चालविणाऱ्याला कौशल्य ते काय लागते, असे विचारणारे मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो की मीटरवर १९० दिसले म्हणजे माल १९० अंशांवर आहे असे नसते. पातळ पत्रा झटकन तापतो, जाड लोखंड सावकाश तापते. गडद रंग आणि चकाकणारा रंग किरण सारखेच घेत नाहीत. कोपऱ्यात आणि खाचेत किरण नीट पोचत नाहीत. माल बदलला की कन्व्हेयरचा वेग आणि बर्नरचे विभाग बदलावे लागतात, आणि ते मीटर सांगत नाही. ते मालाकडे पाहून, त्याच्या रंगाच्या पोतावरून ओळखावे लागते. गुळव्याच्या बोटांत जे ज्ञान होते, त्याच जातीचे ज्ञान पॅनेलपुढच्या माणसाजवळ असावे लागते. पॅनेल ही आजच्या काळातली गुळव्याची जागा आहे.

मग जाळव्याची जागा कोणती? मी ज्या कारखान्यात होतो, तिथे ओव्हनच्या आधी सात टाक्या होत्या. त्यांना सगळेच सेव्हन टँक म्हणत. तेल काढणे, आम्लात गंज काढणे, धुणे, फॉस्फेट देणे अशी कामे त्या टाक्यांवर होत. आम्लाच्या वाफेने डोळे झोंबत, हाताची कातडी निघे. टाक्यांवर आणि माल हुकाला लटकविण्याच्या कामावर कोण होते, हे मी पाहत असे. बहुतेक सगळी मुले आमच्या वस्त्यांतली, पारध्यांची किंवा परप्रांतातून आलेल्या तशाच समाजांतली होती. त्यांना तिथे बसवा असा लेखी हुकूम कोणीही काढलेला नव्हता. कंत्राटदार माणसे आणीत असे, ओळखीच्याला पॅनेल मिळे आणि उरलेल्याला टाकी मिळे. साचा खात्यात विटाळाचे कारण तरी उघड सांगितले जात होते. इथे कारण सांगण्याचीही गरज उरली नव्हती. 'तो हेल्पर आहे' एवढे म्हटले की पुरे होई.

मला आयटीआयचे प्रमाणपत्र असल्याने पॅनेल मिळाले. परंतु पॅनेल मिळणे आणि पॅनेलचा अधिकार मिळणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मला तिथेच कळले. दिवाळीच्या आधीची गर्दी होती. हवेच्या दाबाचा स्विच वारंवार ट्रिप होऊन ओव्हन बंद पडत होता. ब्लोअरचा पट्टा सैल झाला होता. तो बदलायला दोन तास लागले असते. दोन तास माल थांबवायचा नव्हता. स्विचच्या दोन तारा जोडून जंपर मारा, अशी तोंडी सूचना आली. मी म्हटले, लेखी द्या. लेखी कोणी दिले नाही. चार दिवसांनी मला टाक्यांवर पाठविले आणि माझ्या जागी कंत्राटदाराकडचा नवा मुलगा उभा केला. त्याला हिरवे बटण आणि लाल बटण एवढेच दाखविले होते. पॅनेलवरची सगळी अक्षरे इंग्रजीत होती. पर्ज म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बढती म्हणून ती जागा त्याला दिली होती. परंतु अर्थ काढून घेतलेले पॅनेल दिले म्हणजे माणूस पुन्हा चुलवाणाच्या तोंडाशीच बसविला, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते.

सुरक्षेची साधने एकेक करून निकामी करण्याचा शेवट काय होतो, हे या देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला पाहिले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. गॅस धुऊन काढणारा मनोरा तयार अवस्थेत नव्हता. गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. खर्च वाचविण्यासाठी माणसेही कमी केली होती. मेली ती मुख्यतः भिंतीपलीकडच्या गरीब वस्त्यांतली माणसे. पॅनेलपुढच्या कामगाराच्या शब्दाला किंमत नसली की त्याची किंमत वस्तीला मोजावी लागते, हा भोपाळचा धडा आहे.

त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि '४१ एच' हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला, जीविताला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे रास्त कारणाने वाटले, तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क या कलमाने दिला. हा हक्क मोठा आहे. परंतु तो इशारा देण्याचा हक्क होता, थांबविण्याचा नव्हता. १९८१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केलेल्या १५५ व्या करारात, गंभीर धोका दिसल्यावर कामावरून दूर होणाऱ्या कामगाराला शिक्षा होता कामा नये असे तत्त्व मान्य झाले होते. आमच्या कायद्याने ते अंतर पूर्ण चालून दाखविले नाही. २०२० साली संसदेने कारखाना कायद्याच्या जागी कामगार-सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. कायद्याचे नाव बदलले तरी प्रश्न तोच राहतो. कंत्राटी मुलगा 'थांबा' म्हणाला, तर उद्या त्याला कामावर घेतील काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. लोखंडाचा ओव्हन पेटविण्याआधी त्यात चौपट हवा फिरवावी लागते, दाब तपासावा लागतो, ज्योत तपासावी लागते. एवढी काळजी यंत्राची घेतली जाते. आणि आमच्या समाजातला माणूस गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरविला जातो, तेव्हा आत कोणता वायू साठला आहे हे कोणी तपासत नाही. हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हाताने मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती भरपाई ३० लाख केली. तरीही माणसे उतरविली जातच आहेत. वायू मोजण्याची विद्या या देशात नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ती कारखान्याच्या प्रत्येक पॅनेलमध्ये बसविलेली आहे. ती मॅनहोलपर्यंत पोचत नाही, कारण तिथे उतरणाऱ्या माणसाची जात तिच्या आड येते.

आपल्या चळवळीनेही काही गोष्टींचा विचार करावा असे मला वाटते. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि मराठवाड्यातल्या दलित तरुणाला वाचा फुटली. २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर नामांतरासाठी आपल्या माणसांनी घरे जळताना पाहिली, जीव दिले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार घडवून आणला. या लढ्याचे मोल कमी करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी ज्या तंत्रविद्येचा आग्रह धरला होता, त्या आघाडीवर आपण तेवढ्या ताकदीने लढलो काय? शिकाऊ उमेदवारांच्या राखीव जागा कोणत्या कारखान्यात भरल्या, कोणत्या रिकाम्या ठेवल्या, किती जणांना उमेदवारी संपल्यावर कायम केले, याचा जिल्हावार हिशेब किती संघटनांकडे आहे? आपल्या साहित्यात उकिरडा आला, मेलेले ढोर आले, खाण आली, गिरणी आली. त्या अनुभवांनी मराठी साहित्य हलले. पॅनेलपुढे उभा असलेला दलित कामगार, त्याचे ज्ञान, त्याची भीती आणि त्याचा नकार मात्र या साहित्यात अजून फारसा आलेला नाही.

काय करता येईल, हे मी थोडक्यात मांडतो. पहिली गोष्ट, प्रत्येक पॅनेलवरची नावे, धोक्याच्या सूचना आणि सुरू-बंद करण्याचा क्रम मराठीत आणि कामगाराला वाचता येणाऱ्या भाषेत लावला गेला पाहिजे, ही संघटनांची मागणी व्हावी. दुसरी गोष्ट, हेल्परला ऑपरेटर होण्याची वाट लेखी नियमाने ठरलेली असावी. किती महिन्यांनी, कोणत्या परीक्षेने आणि कोणाच्या सहीने हे स्पष्ट असावे, म्हणजे ओळखीचा आणि जातीचा वशिला तिथे चालणार नाही. तिसरी गोष्ट, धोका दिसल्यावर यंत्र थांबविणाऱ्या कामगाराला, तो कंत्राटी असला तरी, त्या कारणाने कामावरून हलविता येणार नाही अशी तरतूद करारात घातली पाहिजे. आणि चौथी गोष्ट शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी. आपल्या वस्तीतल्या, आपल्या गावातल्या कामगारांकडून त्यांच्या कामाचा इतिहास लिहून घ्या. कोण कोणत्या खात्यात लागला, कोणती जागा त्याला मिळाली नाही आणि का मिळाली नाही, हे नोंदवा. पालीसारख्या एका गावातून असे पंचवीस-तीस जबाब गोळा झाले, तरी यंत्राला जात नसते हे वाक्य तपासून पाहण्यापुरता पुरावा आपल्या हाती येईल.

गावगाड्याने आम्हाला आग सांभाळायला ठेवले आणि आगीचे ज्ञान आमच्यापासून राखून ठेवले. कारखान्याने आम्हाला यंत्राजवळ आणले, पण बहुतेकांना बटणाच्या अलीकडेच थांबविले. बटण दाबण्याची मजुरी मिळाली म्हणून हा इतिहास संपत नाही. बटण का दाबायचे हे सांगता येणारा, आणि दाबणार नाही असे म्हणता येणारा कामगार जेव्हा आपल्या वस्त्यांतून मोठ्या संख्येने उभा राहील, तेव्हाच साचा खात्याचे १९२८ सालचे दार खऱ्या अर्थाने उघडले असे म्हणता येईल. ते काम संघटनेचे आहे, शाळेचे आहे आणि आपल्या लेखणीचेही आहे.